पालथी वाटी

आमच्या तारोडीच्या घरात भांड्यांचे दोन आवाज असत. बाबा आणि दिनूकाका दर्यावर गेले की भांडी हळू वाजायची. घासून झाली की एकेक भांडं भिंतीला टेकवून, तोंड वर करून ठेवायचं. भाताचा टोप असो, तांब्या असो, मासे विकायला न्यायची पाटी असो की चटणीची एवढीशी वाटी, माणसं पाण्यावर आहेत तोवर घरातलं एकही भांडं पालथं पडता कामा नये. पालथं भांडं म्हणजे पालथी होडी. सगळ्या गावाची ही रीत नव्हती, आमच्या आळीतल्या दोन-चार घरांचीच, आणि बाकीचे त्यावरून आम्हाला हसायचे. भांडी निथळायची नाहीत, बुडाशी पाणी साचायचं, त्यात माशी पडायची, पितळेला हिरवा डाग चढायचा. चालायचं. मग कधीतरी खालून किनाऱ्यावरून एखादी पोर ओरडत यायची, "होरी आली गो, होरी आली!" आणि दुसरा आवाज सुरू व्हायचा. आय आणि मालूकाकी हातातलं टाकून उठायच्या आणि घरातलं भांडं न् भांडं पालथं घालायच्या. धाड, धाड, ठण्ण. मुद्दाम आपटून. शेजारच्या घरातूनही तेच. काकी तर तव्यावरची भाकरी तशीच ठेवून यायची, भाकरी करपायची, आणि ती करपलेली भाकरी दिनूकाका हट्टाने स्वतःच्या ताटात घ्यायचा. म्हणायचा, "ही माज्या नावाची."

दिनूकाका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. मालूकाकी त्याची बायको. त्यांना मूल नव्हतं, म्हणून मी अर्धी त्यांची. आय मला मारायची आणि काकी भरवायची, अशी वाटणी होती. सुकट परतताना काकी त्यात कैरीची फोड टाकायची, आणि ती फोड कोणाला द्यायची यावरून काका आणि मी भांडायचो. काका उंच, बारीक, कानात बाळी, झोपायचा तो कायम कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. एवढा लांब माणूस एवढ्याशा चटईत कसा मावतो याचं मला नवल वाटे.

मी मुळात कमी बोलणारी. ऑफिसात लोक म्हणतात, हर्षदा मॅडमकडून एक वाक्य काढायचं म्हणजे खडकावरून कालव काढण्यासारखं आहे. आजवर नवऱ्याला नाही, मुलींना नाही, कोणालाच मी हे सांगितलेलं नाही. आता पन्नाशी समोर दिसायला लागली आहे, आणि ज्यांच्याविषयी लिहायचं त्यांतली माणसं कमी होत चालली आहेत, तेव्हा लिहून टाकते.

मी तेव्हा चौथीत होते. सुट्टीचा दिवस. बाबा आणि काका पहाटेच गेले होते. घरातून मी आमटीची स्टीलची वाटी उचलली, काठ चेपलेली, आणि किनाऱ्यावर गेले. वाळूच्या इडल्या करायला. ओली वाळू वाटीत दाबून भरायची, वाटी पालथी घालायची, वरून टिचकी मारायची, अलगद उचलायची. पालथी घातल्याशिवाय इडली होत नाही. मला रीत ठाऊक होती. पण रीत घराची आहे, किनाऱ्याची नाही, असं मी स्वतःला समजावलं. एवढंच नाही, तर हे समजावताना मी घराकडे एकदा वळून पाहिलं होतं, तेही मला पक्कं आठवतं. मी एक ओळ केली, मग दुसरी केली. शेवटची इडली वाटीतून सुटेना म्हणून वाटी तशीच वाळूत पालथी सोडून मी घरी पाणी प्यायला गेले आणि विसरले.

त्या दुपारी खाडीच्या तोंडाशी, खडकांपाशी, आमची होडी उलटली. मागून येणाऱ्या बोटीने बाबांना ओढून घेतलं. दिनूकाका मिळाला नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. गावातल्या सगळ्या बोटी शोधायला गेल्या होत्या. संध्याकाळी किनारा माणसांनी भरला होता, काकी पाण्यात गुडघ्यापर्यंत उभी होती, तिला दोघी-तिघींनी धरून ठेवलं होतं. त्या सगळ्यांच्या पायांखाली माझ्या इडल्या तुडवल्या जात होत्या आणि मी वाटी शोधत होते. वाटी सापडली. मी ती सरळ केली. मग फ्रॉकखाली लपवून घरी नेली आणि तोंड वर करून, भिंतीला टेकवून ठेवली.

त्यानंतर आमच्या घरात भांडं पालथं झालंच नाही. कसं होणार? काका परत आला नव्हता. कोणी तसं ठरवलं नाही, बोललं नाही. लोक म्हणाले, दिवस करा, गवताचा पुतळा करून अग्नी द्या. बाबांनी केलं सगळं. काकी त्या वेळी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. कुंकू पुसलं तिने, पण भांडी तोंड वर करूनच ठेवत राहिली, आणि आयची तिला काही म्हणायची हिंमत झाली नाही. बाबांनी दर्या सोडला. काही महिन्यांत आम्ही भाईंदर पूर्वेला एका इमारतीत तळमजल्यावर भाड्याची खोली घेतली. बाबांना वॉचमनची नोकरी लागली, आय आणि काकी बाजारात मासे घेऊन बसायला लागल्या. बाबा कामावरून आले की न फाटलेलं जाळं मांडीवर घेऊन सुईने विणत बसायचे. एका बाजूने उसवायचे, दुसऱ्या बाजूने विणायचे. टीव्ही चालू असायचा, पण बघत कोणीच नसायचं.

आणि मी पहारा करायला लागले. आधी आमच्याच भांड्यांवर. शाळेतून येऊन एकेक तपासायचे. मग शाळेत बसल्या बसल्या वाटायला लागलं, मी इथे आहे, घरी कोणी चुकून काही पालथं घातलं तर? बाबा गेटवर बसतात, रस्त्यावर एवढ्या गाड्या. आय बाजारात. मग पोट दुखायला लागलं. खरंच दुखायचं, सोंग नव्हतं. रोज सकाळी दप्तर पाठीला लावलं की दुखायचं, दप्तर काढलं की थांबायचं. काही दिवसांनी मी शाळेत जाणंच सोडलं. आयने मारलं, काकीने गूळ दिला, बाबांनी नुसतं पाहिलं. मी उंबरा ओलांडेना.

आमच्या समोरच्या खोलीत हंसाबेन राहायच्या. गुजराती, एकट्या, मुलगा सुरतेला. आमच्या मासळीच्या वासाने त्या सुरुवातीला दाराला ओढणी लावून ठेवायच्या, पुढे सवय झाली. हंसाबेन भांडी घासून मधल्या पॅसेजमध्ये, चटईवर, सगळीच्या सगळी पालथी घालायच्या. उन्हात चमकायची. मला ते बघवायचं नाही. त्या पूजेला बसल्या की मी दबक्या पावलांनी जायचे आणि सगळी सरळ करून यायचे. त्यांना वाटलं मांजर आहे. मग वाटलं भूत आहे. शेवटी एक दिवस दाराआड लपून बसल्या आणि माझं मनगट धरलं.

"ए छोकरी! मैं उलटा रखती, तू सीधा करती. मैं उलटा रखती, तू सीधा करती. क्या है ये? मेरे बर्तन से तेरी क्या दुश्मनी है?"

मी दुसऱ्या हाताने उरलेला एक पेला सरळ केला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, मग मनगट सोडलं. संध्याकाळी त्या आयकडे आल्या. मला वाटलं आता मार बसणार. पण त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "बेन, गुस्सा मत करना. लडकी को कुछ हुआ है. मेरी बहन का पोता था ना, बोलता नहीं था, अटकता था. उसको एक बाई के पास ले के जाते थे, इधर ही, फाटक के पास. दवा नहीं देती. रेती में खिलाती है."

"रेती?" आय म्हणाली. "बेन, हमारा पूरा जिंदगी रेती में गया. अब पैसा दे के रेती में खेलने का?"

काकी मात्र मासळीची पाटी धुता धुता थांबली. म्हणाली, "नेऊन तं बग. खेलल तवरी खेलल."

फाटकाजवळच्या त्या बाईंचं नाव वैशालीताई, त्यांची खोली एका कापडाच्या दुकानाच्या वर होती. जिना अरुंद, भिंतीला पानाच्या पिंका. वर गेल्यावर मात्र एकदम शांत. ताई तेव्हा तिशीच्या असतील. सुती साडी, जाड भिंगाचा चष्मा, पायात चपला नाहीत. मला वाटलं होतं त्या विचारतील, शाळेत का जात नाहीस, भांड्यांचं काय आहे. त्यांनी नाव विचारलं, नंतर म्हणाल्या, "ये, दाखवते."

खोलीच्या मधोमध लाकडी पेटी होती, माझ्या कमरेएवढ्या स्टुलावर. मोठ्या परातीसारखी, पण चौकोनी. तिच्यात वाळू. मी कपाळाला आठी घातली असणार, कारण आमच्याकडे वाळू म्हणजे घरातून रोज झाडून काढायची वस्तू, भातात कचकच लागली तर आयचा मार खायची वस्तू. ताईंनी बोटाने वाळू थोडी बाजूला सारली. खाली निळं होतं. पेटीचा तळ आतून निळा रंगवलेला. वाळू सारली की पाणी वर येत होतं! मी आणखी थोडी सारली. आणखी पाणी आलं. मी इतका दर्या पाहिला होता, पण आपल्या बोटाने सारून दर्या काढता येतो हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. आणि सरकवली वाळू परत, की दर्या बंद. तो बंद होतो! माझ्या अंगावर काटा आला. आजही हे लिहिताना येतोय.

भिंतीला फळ्या होत्या आणि त्यांवर सगळं जग मांडलेलं. गाई, वाघ, रिक्षा, देऊळ, पोलीस, शिंपले, तुटक्या बांगड्या, पितळेची भातुकली, मुंडावळ्या बांधलेले लाकडी नवरा-नवरी, साप, झाडं, होड्या. ताई म्हणाल्या, "यातलं काहीही घे. पेटीत काहीही कर. मी विचारणार नाही काय केलंस म्हणून. मी शेजारी बसणार. आणि तू गेल्यावरच मी ते मोडणार, तुझ्यासमोर नाही. आणखी एक, तुझ्या पेटीत तुझ्या परवानगीशिवाय कोणी हात घालायचा नाही. मीसुद्धा नाही."

पहिल्या दिवशी मी फक्त वाळू सपाट केली. पूर्ण वेळ. हाताने सपाट करायची, बोटाने एक रेघ ओढायची, परत सपाट करायची. ताई शेजारी बसून होत्या. जाताना "बरं, शनिवारी ये," एवढंच म्हणाल्या. जिना उतरताना आय म्हणाली, "झाला? हेच्यासाटी आलो आपुन?" पण मी त्या दिवशी घरी येऊन भात दुसऱ्यांदा मागून घेतला होता, आणि काकीने ते पाहिलं होतं. शनिवारी तीच आयला म्हणाली, "ने तिला."

पुढे मी दर खेपेला एकच चित्र करायला लागले. इकडे वाळू, तिकडे निळं पाणी. वाळूत एक बाहुली. तिच्यासमोर भातुकलीतल्या वाटीने पाडलेल्या इडल्या. आणि पाण्याच्या मधोमध तीच वाटी पालथी. वाटीच्या खाली काय आहे ते दिसायचं नाही. ते मी ताई पाणी आणायला वळल्या की पटकन ठेवायचे. त्यांना कळत असणार, पण त्यांनी कधी वाटी उचलली नाही. दर वेळी तेच. एखादे वेळी मी वाटीवर मूठमूठ वाळू टाकायचे, मग पुन्हा झटकायचे. कधी बाहुलीला तोंड फिरवून उभी करायचे. माझ्या पोटात जे दुखत होतं ते तिथे, हातभर अंतरावर, पेटीत पडलेलं असायचं आणि मी त्याच्याकडे बघू शकत होते. बघितलं की जीव जायचा, पण बघू शकत होते. तरी शाळेत मात्र मी जात नव्हते. आठवड्यांमागून आठवडे गेले. मुख्याध्यापकबाईंनी बाबांना बोलावून सांगितलं की अशीच गैरहजर राहिली तर यंदा परीक्षेला बसवता येणार नाही. गावातल्या दोन पोरी अशाच चौथीतून घरी बसल्या त्या कायमच्याच. आय रात्रंदिवस त्याच काळजीत.

एके दिवशी आयला ताप होता. काकी मला सोडून बाजारात गेली आणि वेळ संपायच्या आधीच न्यायला आली. पापलेटं लवकर खपली होती. बाहेरच्या खोलीत तिचा आवाज ऐकू आला, "बाय, मी हितं खालीच बसतंय, कपऱ्यांना वास हाय माज्या." ताईंनी मला विचारलं, "काकी आत आली तर चालेल तुला?" मी मान हलवली. का हलवली, मला आजही सांगता येत नाही. पेटीत तेच चित्र मांडलेलं होतं.

काकी आली. पाटी दाराशी ठेवली. पदराने हात पुसले. पेटीकडे पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं, फळीवरच्या वाघाला हसली, आणि परत पेटीकडे पाहिलं. मग ती हलली नाही. ताईंनी ते चित्र इतक्या वेळा पाहिलं होतं, पण पाण्यावरच्या पालथ्या वाटीचा अर्थ त्या खोलीत आमच्या दोघींनाच कळणारा होता. मला वाटलं, झालं. आता हिला कळलं. आता ही मला पाटीने मारेल, किंवा नुसतं निघून जाईल, आणि यापुढे मला कोणी भरवणार नाही.

"मी हात लावू काय?" काकीने ताईंना विचारलं.

"हर्षदाला विचारा. पेटी तिची आहे."

काकी माझ्याकडे वळली. जन्मात तिने मला कशाची परवानगी विचारली नव्हती, वेणी घालतानाही नाही. "लावू?" मी म्हटलं, "लाव."

तिने वाटी उचलली. खाली फळीवरची एवढीशी होडी होती, कुशीवर कलंडलेली. काकीने होडीला हात लावला नाही. ती उठून फळ्यांपाशी गेली आणि माणसं बघत उभी राहिली. पोलीस उचलून ठेवला, शिपाई उचलून ठेवला, कोळी असा कोणी नव्हताच. शेवटी तिने तो मुंडावळ्या बांधलेला लाकडी नवरा घेतला. त्याच्याकडे बघत राहिली. मग खाली बसली, मासळीच्या खवल्यांनी पांढरी झालेली दोन्ही हातांची बोटं वाळूत घातली, आणि माझ्या इडल्यांच्या पलीकडे, जमिनीवर, पाण्यात नाही, एक खळगा केला. त्यात त्याला कुशीवर निजवला. लाकडी बाहुला, गुडघे वाकणार नव्हते, तरी तिने ते वाकतील असं एकदा करून पाहिलं. मग वाळू ओढली त्याच्यावर. अंगावर पांघरूण ओढतात तशी, पायांकडून छातीकडे. वरून हाताने थोपटलं. थोपटत राहिली. खोलीत फक्त त्या थोपटण्याचा आवाज होता. खाली दुकानात कोणीतरी कापड टरकन फाडलं तेवढंच. ताईंनी चष्मा काढून हातात धरला होता. मी देवळं पाहिली आहेत पुढे पुष्कळ, मोठमोठी, पण त्या दुकानावरच्या खोलीत जे पाहिलं तसं काही पाहिलं नाही. गवताचा पुतळा जाळला तेव्हा जी बाई भिंतीकडे तोंड करून बसली होती, ती आता मूठ-मूठ वाळूने आपल्या माणसाला निजवत होती.

झाल्यावर तिने भातुकलीची दुरडी मागितली. तीही माझ्याकडेच, ताईंकडे नाही. आणि त्या वाळूच्या उंचवट्याशेजारी एकेक भांडं मांडलं. टोप, तवली, तांब्या, परात. सगळी पालथी. पितळेची होती, वाळूत त्यांचा आवाज होईना, म्हणून तिने ती पेटीच्या लाकडी काठावर मांडायला घेतली. टक्. टक्. टक्.

"काकी," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "वाटी मी पालती घातलेली. त्या दिशी. खरी वाटी. इडल्या करायला नेलेली मी."

काकीने मान वर केली नाही. "कंची? ती काठ चेपलेली?"

"हां."

"आगो, त्या वाटीन आमटी धड मावत न्हाय. तिच्यान आख्खी होरी उलटली?"

मी हसले नाही. मला हुंदका आला, आणि आला तो थांबेना. काकीने पदर माझ्या नाकाला लावला, शिंकर म्हणाली, मग म्हणाली, "आयक. कोनाला सांगू नको. मी त्या दिशी भाताचा टोप पालता घातलेला. खरवड लागलेली, घासायचा कंटाला आला, ठेवला तसाच पालता मोरीन. दिसभर. आथा सांग, वाटी मोटी का टोप मोटा?"

"टोप."

"मंग रडायचा मान कोनाचा?"

"तुजा."

"मंग पूस डोले."

ताईंनी माठातलं पाणी आणून दोघींना दिलं. निघताना काकी दाराशी थांबली. "आथा हे मोरनार तुमी?"

"तुम्ही गेल्यावर."

"सावकास मोरा हं, बाय," काकी म्हणाली आणि पाटी डोक्यावर घेतली.

घरी आल्यावर तिने चपला काढल्या आणि सरळ मोरीत गेली. आय तापाने पडलेली, बाबा जाळं घेऊन बसलेले. धाड! पहिला टोप पडला. आय दचकून उठून बसली. धाड, ठण्ण, धाड. भांडं न् भांडं, मुद्दाम आपटून. मासळीची पाटीसुद्धा. बाबांच्या हातातली सुई खाली पडली. आय उठली, भिंतीला धरून मोरीपर्यंत आली, आणि काही न विचारता फळीवरची ताटं उतरवून तीही पालथी घालायला लागली. दोघी हसत होत्या का रडत होत्या ते आवाजात कळत नव्हतं. तेवढ्यात हंसाबेन दारात.

"क्या हुआ? क्या गिरा? सब ठीक है ना?"

काकी ओल्या हातांनी बाहेर आली. "कुछ नहीं गिरा, बेन," ती म्हणाली. "हमारा आदमी घर पे आया."

हंसाबेनने आत वाकून पाहिलं. आत कोणीच नव्हतं. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि म्हणाल्या, "अच्छा. अच्छा हुआ." त्या संध्याकाळी त्यांच्याकडून शिरा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दप्तर पाठीला लावलं. पोट दुखेल म्हणून थोडी वाट पाहिली. दुखलं नाही. बाबा गेटपर्यंत सोडायला आले, आणि मी वळून न बघता गेले. एवढी साधी गोष्ट, पण आय ती पुढे वर्षानुवर्षं सांगायची.

आता जे लिहायचं आहे ते मला जड जातंय. मी बरी झाले ती त्या टोपामुळे. माझी वाटी लहान, तिचा टोप मोठा, हा हिशेब मी गिळला आणि माझं पोट थांबलं. पण गिळलेलं कुठेतरी राहतंच. मी मोठी होत गेले आणि मला कळायचं की भांड्याने होडी उलटत नाही. मी पदवी घेतली, परीक्षा देऊन नोकरी मिळवली. तरी काकीवर राग आला की मनाच्या तळाशी एक वाक्य उठायचं, तूच घातलास तो टोप पालथा. तिच्या हातचं जेवताना उठायचं. माझ्या लग्नात ती औक्षणाला पुढे यायला कचरली, विधवा म्हणून, आणि मी तिचा हात धरून पुढे ओढलं, तेव्हा सगळे मला शाबासकी देत होते, आणि तेव्हाही ते वाक्य उठलं होतं. तोंडातून कधी काढलं नाही. कमी बोलण्याचा हा एवढाच फायदा झाला मला.

मग मागच्या वर्षी, आयच्या शेवटच्या दुखण्यात, मी तिचे पाय चेपत होते आणि ती जुनं काहीबाही बोलत होती. बोलता बोलता म्हणाली, "बिचारी मालू. दिनूला जाताना बगलापन न्हाय तिनं. आदल्या दिशीच काशीगावला मावशीकरं जेलेली, बारशाला. सांजच्याला कोन तरी स्कूटरवर घालून आनली तिला, ती थेट किनाऱ्यावर."

माझा हात थांबला. माझ्या आठवणीत त्या सकाळची फक्त वाटी होती आणि संध्याकाळची पाण्यात उभी काकी, म्हणून मी धरून चालले होते की ती सकाळपासून घरातच होती. ती घरात नव्हतीच. खरवड नव्हती, टोप नव्हता. ते सगळं तिने तिथे, त्या पेटीसमोर, माझा हुंदका थांबेना तेव्हा उभ्या उभ्या रचलं होतं. नवऱ्याला नुकतंच वाळूत निजवून, त्याच वाळूच्या हाताने तिने त्याच्या मरणाचा दोष उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला होता, पाटी ठेवावी तसा. आणि इतकी वर्षं उतरवला नव्हता.

आयचे दिवस झाल्यावर मी तारोडीला गेले. काकी हल्ली तिकडेच राहते, जुन्या घरात, एकटी. काशीगावच्या बाजूला हायवेवर आता मेट्रोचे खांब आहेत, आमच्या आळीत मात्र बोंबील तसेच बांबूंवर टांगलेले. ती अंगणात सुकट निवडत बसली होती. दिसायला कमी झालंय, बोटांनीच निवडते. मी बसले. मग म्हटलं, "काकी, तू त्या दिशी घरान नव्हतीस. काशीगावला होतीस. आयनं सांगितलं मना."

ती निवडत राहिली.

"टोप खोटा होता."

"हां."

"का गो बोललीस? आणि नंतर तरी सांगायचंस. मी किती वर्षं..." मी किती वर्षं तुला दोष दिला, हे वाक्य आजवर आतच राहिलं होतं. मी ते बोलले. शेवटी बोलले. सगळं सांगितलं, लग्नातलंसुद्धा.

काकीने ऐकून घेतलं. एक खडा सापडला तो लांब फेकला. मग माझ्या दिशेने तोंड केलं आणि वैतागून विचारलं, लहान पोरीला विचारावं तसं:

"दुसऱ्या दिशी शालंत जेलीस का न्हाय तू?"

"गेले."

"मंग?" काकी म्हणाली, आणि निम्मी सुकट माझ्यापुढे ओतली.